अंत्याच्या घरात शून्य

म्याकल शेठच्या शेडमध्ये सतरा माग.
दिवाळीला शेठनी हजाराची एकच नोट काढली,
वाटून घ्या म्हणाले, आणि गाडीत बसले.

अठ्ठावन्न रुपये ब्याऐंशी पैसे.
इथं शहाण्या माणसानं थांबावं.
जॉबर थांबला, बाकीचे अशोक चौकात चहाला गेले.
नाना थांबले नाहीत.
पंच चुकून वाया गेलेल्या पुठ्ठ्याच्या पाठीवर
भागाकार उतरत राहिला,
बाकी पंधरा, बाकी चौदा, चार, सहा, नऊ,
एकही बाकी दुसऱ्यांदा आली नाही.
शेवटी एक उरला. एकावर शून्य, दहा.
दहात सतरा बसत नाहीत.
वर शून्य मांडलं, खाली आणखी एक उतरवलं,
आणि शंभर होताच पुन्हा पाच, पुन्हा आठ, पुन्हा आठ.
"मिटत नाही बे हे," नाना म्हणाले, "नुसतं फिरतंय."
मग त्यांनी ते शेवटचं शून्य उचललं
आणि सगळ्यांच्या पुढं नेऊन बसवलं:

०५८८२३५२९४११७६४७

मी सहावीत. मला घरं पाठ होती.
पाच जलधी, आठ शंकू, आठ महापद्म, दोन निखर्व...
आमच्या नळाला पाणी चौथ्या दिवशी,
पाच जलधी ऐकून अम्मा हसली,
तिच्या मागं घागर पालथीच होती.
आणि शून्य? अंत्याच्या घरात.
पण डावीकडच्या शून्याला किंमत नसते,
बाईंनी फळ्यावर तसं पुसूनच दाखवलं होतं.
"किंमत नसंल," नाना म्हणाले. "जागा हाय."

त्या वर्षी त्यांनी चादरीचा काठ बांधला.
सोळा उभ्या ओळी, आकडा तितकी चौकोनांची उंची,
शून्याच्या ओळीत एकही भोक नाही,
तिथं नुसती जमीन.
दुपटीनं गुणा, तिपटीनं, सोळापटीनं,
काठ तोच, फक्त दुसऱ्या धाग्यापासून सुरू.
काठ मधोमध कापून
एक तुकडा दुसऱ्यावर उलटा धरला
तर दाताला दात बसायचे,
शून्यावर नऊ, पाचावर चार, आठावर एक,
कुठं फट नाही, कुठं चढ नाही.
आणि सतरानं गुणलं की सोळा नऊ,
सगळे धागे एका उंचीला.
"मग नक्षी कुठाय?" मी विचारलं.
"टॉवेल झाला," म्हणाले.

शेठना काठ आवडला नाही. मोर पाहिजे होता.
तीन चादरी विणून झाल्या, मग मोर आला.

पुढं मी बँकेत लागले, साखर पेठ शाखेत.
एका संध्याकाळी कॅश जुळल्यावर
उगाच तो आकडा यंत्रात भरला.
यंत्रानं पहिलं शून्य गिळलं,
पंधराच आकडे दाखवले, बिनदिक्कत.
मी दोननं गुणलं.

११७६४७०५८८२३५२९४

सातव्या घरात बसलं होतं ते,
जणू कुठं गेलंच नव्हतं.

अम्मा त्या शेडमध्ये एकोणीस वर्षं कांड्या भरायची.
नोट वाटली तेव्हा सतरा मागांचे सतरा धरले,
तिला कुणी धरलं नाही, नानांनीसुद्धा.
हे मला त्या सातव्या घराकडं बघताना सुचलं,
घरी जाऊन बोलले नाही.

तिसरी चादर आमच्याकडं आहे.
काठाचा लाल विटून विटकरी झालाय.
अम्मा ती पायाकडनं ओढून घेते,
आणि अंधारात बोटानं काठ चाचपते:
चढ, चढ, उतार,
मग एका जागी काहीच लागत नाही.
तिथं तिचं बोट थोडं थांबतं.
मग पुन्हा पाच.